बार काढण्यापुरती बंदूक

पन्नाशी आली की माणसाला काय काय होतं, ते सुहासिनीने वॉर्डात भरपूर पाहिलं होतं. कुणाला साखर होते, कुणाचे गुडघे कुरकुरतात, कुणी केस काळे करून जिमला जायला लागतो. तिच्या नवऱ्याला बंदूक झाली. दुसरा शब्दच नाही त्याला. तापासारखी आली आणि उतरायचं नाव घेईना.

नवरा म्हणजे विनय खेडेकर, रियाधमध्ये मलाझ भागातल्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढणारा. ‘हलू नका, श्वास रोखा, सोडा’ एवढं तो चार भाषांत म्हणायचा आणि त्यापलीकडे कुणाशी फारसं बोलायचा नाही. मोरीत झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारणारा हा गडी. त्याने राजापूरकडे डोंगरउतारावर चुलतभाऊ पंकजच्या भागीत काजूची बाग घेतली होती, आणि आता इथलं सगळं आवरून कायमचं तिकडे जाऊन राहायचं त्याच्या मनाने घेतलं होतं. बागेत डुक्कर शिरतं, वानर शिरतात, असं पंकज फोनवर सांगायचा. म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना काढायचा, एक बंदूक घ्यायची, आणि जूनमध्ये राजीनामा.

“मारायला नाही गं,” विनय म्हणायचा. “नुसता बार काढायला. आवाजाने पळतात ती.”

“मग दिवाळीचे आपटीबार न्या की. परवाना लागत नाही, आणि तुम्हाला पेलतीलसुद्धा.”

यावर विनय हसायचा. हसायचा आणि पुन्हा फोनात डोकं घालायचा. सुहासिनीचा जळफळाट व्हायचा तो इथेच. टोमणा लागला तर माणसाने चिडावं, निदान तोंड पाडावं. हा आपला ‘बरंय बरंय’ करत पुढचा व्हिडिओ लावायचा.

खरी गोष्ट निराळी होती आणि ती तिची तिला स्वच्छ माहीत होती. तिला जायचंच नव्हतं. मूळची सांगलीची मुलगी, नर्सिंग करून इथे आली ती सरकारी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात सिस्टर इन-चार्ज होऊन बसली. ती आत शिरली की खुर्चीत रेललेल्या पोरी ताठ व्हायच्या. सौदी डॉक्टर ‘सिस्टर सुहा कुठे आहेत’ म्हणून विचारत फिरायचे. आणि ते सगळं टाकून तिने राजापूरच्या डोंगरात काय करायचं? तर विनयची बायको म्हणून पायरीवर बसून काजूच्या बिया निवडायच्या. छान. पण हे तिने नवऱ्याला कधी सरळ सांगितलं नव्हतं. सरळ सांगायचं म्हणजे विनंती केल्यासारखं होतं, आणि विनंती करायची तिच्या जिभेला सवय नव्हती. माणूस हास्यास्पद ठरला की त्याचा बेतही आपोआप हास्यास्पद ठरतो, असा तिचा हिशेब. त्यामुळे ती बंदुकीला हसत राहिली.

आणि हसण्यासारखं तो पुरवायचाही. बंदूक निवडण्याचा कार्यक्रम महिनेच्या महिने चालला. मुलीला स्थळं बघावीत तशा विनय बंदुका बघायचा. उंची किती, वजन किती, घराणं कुठलं. ठासणीची साधी, गावाकडे खपून जाते, पण पावसात दारू भिजते. बारा बोअरची एक नळी हलकी, पण एकच बार. दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली दिसायला भारदस्त. एकीवर एक नळ्या असलेली नेमाला बरी म्हणतात. एक दिवस ती ड्यूटीवरून आली तर हा फरशी पुसायच्या मॉपचा दांडा खांद्याला लावून हॉलमधल्या पंख्यावर नेम धरून उभा होता.

“झाली का पसंती?” तिने चप्पल काढता काढता विचारलं. “की मुलगी अजून दाखवायची आहे?”

“लांबी बघत होतो. माझा हात आखूड आहे ना, मला जरा बुटकी लागेल.”

“बुटकीच बघा. तुमच्यापेक्षा उंच असली तर पहिल्या दिवसापासून ती तुमच्यावर डाफरेल. एक डाफरणारी पुरे नाही का?”

तो हसला आणि दांडा मॉपला बसवायला लागला. तोही त्याला धड बसवता येईना. तिकडे मणिपालला शिकणाऱ्या मुलीने, तन्वीने, फोनवर सगळं ऐकून ‘मम्मा, लेट हिम बी ना’ एवढंच म्हटलं. इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलांना आई-बापांची भांडणं सुद्धा परक्या भाषेत कळतात, असं म्हणून सुहासिनीने फोन ठेवला.

एकट्या विनयचं खूळ एक वेळ विझलं असतं. पण त्याला भाऊसाहेब भेटले. हे भाऊसाहेब निकम म्हणजे अल सुलै भागातल्या एका गोदामाचे सिक्युरिटी सुपरवायझर. पूर्वी फौजेत होते. कुठल्या फौजेत, कुठल्या आघाडीवर, हे दर शुक्रवारी बदलायचं. मलाझच्या खानावळीत मराठी माणसं जेवायला जमली की भाऊसाहेब मिशीवरून हात फिरवत सुरू व्हायचे. त्यांची सगळी फौजी नोकरी भटारखान्यात भाज्यांचा हिशेब ठेवण्यात गेली, हे त्यांच्याच गावच्या एका वेल्डरने सुहासिनीला टाके घालून घेताना सांगितलं होतं. तिने ते विनयला सांगितलं. विनय म्हणाला, “असेल. पण फौजेतल्या भटारखान्यातही बंदूक शिकवतातच.” आता अशा माणसाशी काय बोलायचं?

भाऊसाहेबांचं मत होतं की पहिली बंदूक ही दोन नळ्यांचीच घ्यावी. “एक बार डुकराला, एक शेजाऱ्याला,” असं म्हणून ते स्वतःच खो खो हसायचे. आणि त्यांनीच ती बातमी आणली. शहराबाहेर वाळवंटात एक शूटिंग क्लब आहे, तिथे शुक्रवारी सकाळी नवशिक्यांना शिकवतात. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, दाखवायचा, सही करायची, बंदूक त्यांचीच. मातीच्या बशा हवेत उडवतात, त्यांच्यावर नेम धरायचा.

“ते सर्टिफिकेट रत्नागिरीच्या कचेरीत चालणार आहे का?” सुहासिनीने विचारलं.

“तिथला कोर्स वेगळा करावाच लागेल,” विनय म्हणाला. “इथे नुसता हात बसतो का बघायचं. हे बघ, मी ठरवलंय. बसला तर जूनमध्ये राजीनामा. आणि नाहीच बसला, भीती वाटली, तर नाद सोडला. बाग पंकजला देऊन टाकायची. मग पुन्हा विषय नाही.”

सुहासिनी चहाचा कप धुवायची थांबली. इतक्या महिन्यांत तिच्या कामाचं वाक्य पहिल्यांदा या माणसाच्या तोंडून निघालं होतं. झुरळाला घाबरणारा, आवाज झाला की दचकणारा, मॉप न जोडता येणारा विनय खेडेकर आणि बारा बोअर. एका सकाळीत निकाल.

“मीही येते,” ती म्हणाली. “बघायला.”

त्याला केवढा आनंद झाला. “खरंच येतेस?” असं तो दोनदा म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी टोपी घेऊन आला.

शुक्रवारी ती टोपी घालून क्लबात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली. जानेवारीची सकाळ होती, हवा चांगली होती, पण चांगलं म्हणायला ती आलेली नव्हती. शिकाऊ मंडळी म्हणजे दोन सौदी कॉलेजकुमार, एक मल्याळी अकाउंटंट आणि विनय. विनयने या प्रसंगासाठी खिसेच खिसे असलेलं खाकी जाकीट विकत घेतलं होतं आणि एकाही खिशात काही नव्हतं. भाऊसाहेब मागे हात बांधून तपासणीला आल्यासारखे फिरत होते. बंदूक हातात घ्यायचं निमंत्रण त्यांना मिळालं तेव्हा त्यांचा खांदा अचानक दुखायला लागला.

शिकवणाऱ्याला सगळे अबू फहद म्हणत. साठीचा, शांत, लष्करातून निवृत्त झालेला सौदी. अरबी, इंग्रजी आणि कामगारांकडून उचललेलं हिंदी, तिन्ही एकत्र कालवून तो शिकवत होता, आणि चांगलं शिकवत होता, हे सुहासिनीलाही कबूल करावं लागलं. बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी माणसाकडे कधी नाही, मैदानाकडे ठेवायची. बोट घोड्यावर ठेवायचं ते शेवटी, तोवर बाहेर. बार झाले की बंदूक मधून मोडून उघडायची, दाखवायची, मगच हलायचं. विनय मान डोलवत होता आणि ओठ हलवत पाठ करत होता.

पहिल्या खेपेला एकच काडतूस. विनयने डोळे मिटून बार काढला. बशी सुखरूप खाली उतरली. दुसऱ्या वेळी एक डोळा उघडा होता. तिसऱ्या वेळी बशीचा कपचा उडाला, आणि विनयने मागे वळून बायकोकडे बघितलं. हात बसत होता की काय याचा? भाऊसाहेब टाळ्या वाजवत होते. जून महिना तिला समोर दिसायला लागला. ती पायरी, त्या बिया.

मग अबू फहदने त्याच्या बंदुकीत दोन काडतुसं घातली. दोन बशा उडणार, एकीमागून एक. सुहासिनीने मोजली, एक, दोन. मोजायची तिला सवयच होती. इंजेक्शनं, कापसाचे बोळे, टाके, जे आत जातं ते बाहेर आलं की नाही हे बघण्यात तिची नोकरी गेली होती.

पहिली बशी उडाली. विनयने बार काढला. धक्का जरा वेडावाकडा बसला असावा, गाल चोळत तो तसाच उभा राहिला. दुसरी बशी उडाली, लांब गेली आणि वाळूत पडून फुटली. याचं लक्ष गालाकडे. अबू फहद मात्र तेवढ्यात पलीकडच्या कॉलेजकुमाराकडे वळला होता. त्या पोराने बंदूक हातात घेऊन फोटो काढायला सुरुवात केली होती आणि त्याला दटावणं भाग होतं. दटावून तो परत विनयकडे यायला निघाला आणि चालता चालता त्याने विचारलं, “खाली?”

आता हा शब्द. अरबीत खाली म्हणजे रिकामं. हिंदीत, उर्दूतही तेच. रियाधमध्ये दिवसभर ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. बेड खाली, सिलिंडर खाली, टॅक्सी खाली. विनयला तो माहीत नव्हता असं थोडंच आहे? त्याच्या दवाखान्यात ‘रूम खाली है क्या’ असं तोच दिवसातून कितीदा ओरडायचा. पण माणूस भांबावला की शिकलेल्या भाषा आधी पळतात आणि घरची तेवढी उरते. राजापूरच्या माणसाला खाली म्हणजे खाली. जमिनीकडे. हा बंदूक खाली कर म्हणतोय, असं त्याला वाटलं.

“हां, खाली, खाली,” विनय म्हणाला, आणि आज्ञाधारकपणे त्याने नळी जमिनीकडे केली. बोट घोड्यावरच होतं.

सुहासिनीने हे सगळं बघितलं. दोन आत गेली, आवाज एकच झाला. बंदूक खाली नाही. तिला हे इतकं लख्ख कळलं की वॉर्डात असती तर तिच्या तोंडून हाक केव्हाच गेली असती. तिथे ती कोवळ्या डॉक्टरांच्या हातातली चुकीची सुई धरून थांबवायची. इथे तिच्या मनात आलं की आता अबू फहद येईल, बंदूक उघडेल, आतलं काडतूस बघेल आणि या ध्यानाला सगळ्यांसमोर झाडेल. पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणेल. संपेल एकदाचं. ती ओठ मिटून बसली. चांगली सरसावून बसली, खरं सांगायचं तर.

अबू फहद विनयच्या पुढ्यात आला आणि दुसरा बार झाला.

वाळू उडाली. अबू फहदच्या बुटापासून वीतभर अंतरावर खड्डा पडला होता. म्हातारा क्षणभर आपल्या पायाकडे बघत राहिला, मग त्याने हात पुढे करून विनयच्या हातातून बंदूक काढून घेतली, मोडली, दोन्ही रिकामी काडतुसं झटकून टाकली. विनयचा चेहरा पांढराफटक पडला होता. भाऊसाहेब कुठे गेले ते कळलं नाही. पुढे ते गाडीपाशी सापडले.

“मैंने पूछा, खाली?” अबू फहद सगळ्यांना उद्देशून म्हणाला. आवाज चढला नव्हता. “ये बोला, खाली.” मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “मेरा गलती. देखना था.”

“दो डाला था, एक ही चला था,” सुहासिनी म्हणाली. “मैंने गिना था.”

ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगावं तसं तिच्या तोंडून निघून गेलं. अबू फहदने नुसती मान हलवली. मल्याळ्याचं लक्ष नव्हतं. विनयने मात्र हळूच मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं.

क्लबाने त्याची शिकवणी त्या दिवसापुरती खलास केली. अबू फहद त्याला फाटकापर्यंत सोडायला आला, खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ये, पहिल्यापासून शिकवतो, म्हणाला. तेवढी माणुसकी पाहूनही सुहासिनीला बरं वाटलं नाही. परतीच्या वाटेवर भाऊसाहेब मागच्या सीटवरून बोलत होते. फौजेत असं रोज व्हायचं, त्यांच्या डोळ्यांदेखत एका सुभेदाराच्या टाचेतून गोळी गेली होती, वगैरे. अल सुलैला त्यांना उतरवलं.

विनयने गाडी पुन्हा रस्त्याला घातली.

“तू मोजत होतीस,” तो म्हणाला.

“सवय आहे ती.”

“म्हणजे तो विचारत होता तेव्हा तुला माहीत होतं, आत एक आहे ते.”

“आणि तुम्हाला माहीत नको? बंदूक कुणाच्या हातात होती?”

“माझ्या. चूक माझीच आहे, मी नाही कुठे म्हणतोय. तू बोलली का नाहीस, एवढंच विचारतोय.”

तिच्याकडे तीन-चार उत्तरं तयार होती, सगळी धारदार. पण आज हा हसत नव्हता, आणि न हसणाऱ्या विनयशी कसं बोलायचं याचा तिला सराव नव्हता.

“मला वाटलं, तो तुम्हाला झाडेल,” ती म्हणाली. “हाकलून देईल. संपेल एकदाचं.”

“काय संपेल?”

“बंदूक. ती बाग. ते जाणं.”

विनयने गाडीचा वेग कमी केला. “तुला यायचं नाहीये?”

“इतके महिने मी दुसरं काय म्हणतेय?”

“इतके महिने तू मी कसा बावळट आहे ते म्हणतेयस,” विनय म्हणाला. “यायचं नाही, हे आज म्हणालीस.”

एक ट्रक बाजूने गेला. विनय काच खाली करून पुन्हा वर करत बसला.

“तेव्हाच म्हणाली असतीस तर बाग कधीच पंकजला दिली असती,” तो म्हणाला. “मला काय, एक्स-रे इथे काढला काय आणि तिथे काढला काय. मला वाटायचं तू चेष्टा करतेस म्हणजे तुला गंमत वाटतेय. आज बघायला येते म्हणालीस, तर मी खुळा रात्रभर जागा होतो.”

या माणसाचा राग यावा, हसू यावं, निदान कीव यावी, म्हणून सुहासिनीने प्रयत्न केला, पण यातलं काहीच वेळेवर आलं नाही. “मग आता सरळ म्हणते,” ती म्हणाली. “मला नाही यायचं. इथेच राहू या आपण. चुकलं माझं.”

हे एवढं बोलायला तिच्या लग्नाला एवढी वर्षं व्हावी लागली होती. ती त्याच्या ‘बरंय बरंय’ची वाट बघत राहिली.

“तू राहा,” विनय म्हणाला. “तुझं इथे सगळं आहे. बंदूक माझ्याच्याने व्हायची नाही, ते कळलं आज. पत्र्याचे डबे वाजवीन. पण मी जाणार.”

“अहो, सरळ सांगितलं तर राहिलो असतो म्हणालात ना?”

“तेव्हा राहिलो असतो.” तो समोर रस्त्याकडेच बघत होता. “तू बोलतेस त्याचं मला कधी काही वाटलं नाही सुहा, बहुतेक वेळा बरोबरच असतं ते. पण आज त्या म्हाताऱ्याचा पाय जात होता आणि तू मजा बघत बसलीस. उद्या तिकडे डोंगरात दोघंच असू, नाहीतर इथेच दोघं असू, कुठेही. मी पुन्हा चुकणारच, मी तसाच आहे. तेव्हा तू मला हाक मारशील की नाही, हे मला आता माहीत नाही. असं बरोबर राहता येतं का, सांग.”

तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर तिने त्याला दोन मिनिटांत गप्प केलं असतं. त्याने खरंच विचारलं होतं आणि तो खरंच उत्तराची वाट बघत होता. रस्ता मलाझकडे वळला, घर जवळ आलं.

घराखाली त्याने गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

“ड्यूटी कधी आहे तुझी?” त्याने विचारलं.

“दुपारची.”

“कपडे बदलून ये,” तो म्हणाला. “सोडतो.”